फोटो ऑनलाइन टाकायच्या आधी त्यावर आपलं नाव टाकायचं का नाही? तुमचं मत सांगा

जोतिबाचा_गुलाल
जोतिबाच्या चैत्र यात्रेला वाडी रत्नागिरीवर काढलेला माझा सासनकाठ्यांचा, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्यांचा, फोटो परवा एका चौकात वाढदिवसाच्या फ्लेक्सवर दिसला. कुणी विचारलं नव्हतं, नाव तर नाहीच. फ्लेक्स करणाऱ्याला जाऊन विचारलं तर म्हणाला, ग्रुपवर आला होता की ओ, कुणाचाय काय माहीत. आणि तो खरंच बोलत होता, तेच मला जास्त लागलं, कारण फोटो माझा आहे हे सांगणारं त्या फोटोत काहीच नव्हतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, नाव टाकल्याशिवाय फोटो बाहेर सोडायचा नाही. आपण कॅमेऱ्यात नाव, कॉपीराइट सगळं भरून ठेवतो, ते फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फोटोत न दिसणाऱ्या आतल्या माहितीत, जाऊन बसतं, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ती सगळी माहिती गळून पडते. आपल्याकडं फोटो फिरतो कुठं? व्हॉट्सॲपवरच. मग फोटोवर दिसणारं नाव तेवढंच त्याच्याबरोबर गावभर जातं. लोक फोनच्या कंपनीचं नाव कोपऱ्यात आहे तसं ठेवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही, आणि काढणाऱ्याचं नाव दिसलं की म्हणायचं हा शायनिंग मारतोय. हे मला अजिबात पटत नाही.

दाजीपूरचा_गवा
भावा, तुझ्याबरोबर झालं ते वाईटच, त्यात वादच नाही. पण मी टाकत नाही आणि टाकणारही नाही.

पहाटेच्या धुक्यात गवा उभा असतो, बाकी सगळं राखाडी, तेवढं एक अंग काळं, त्या फोटोत बघणाऱ्याची नजर कुठं जावी याचा विचार करूनच मी बटण दाबलेलं असतं. खाली कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरात नाव आलं की नजर आधी तिकडं जाते. अक्षर दिसलं की डोळा वाचतोच, त्याला कोण काय करणार. स्पर्धेला पाठवायचा तर बहुतेक ठिकाणी वॉटरमार्कवाला फोटो घेतच नाहीत, त्यालाही कारण हेच.

बरं एवढं करून चोरी थांबते का? कोपऱ्यातलं नाव कापायला किती वेळ लागतो. मधोमध टाकलं तर फोटो गेलाच, आणि मधलंही आता फोनवर बोट फिरवून पुसता येतं. 2017 साली गुगलच्याच संशोधकांनी दाखवलंय, एकच वॉटरमार्क भरपूर फोटोंवर असला की कॉम्प्युटर ते सगळे फोटो ताडून बघतो, सगळ्यांत सारखं काय आहे ते शोधतो आणि मार्क तेवढा अलगद उचलून बाजूला करतो, खालचा फोटो जवळजवळ होता तसा हातात. म्हणजे जो इमानेइतबारे प्रत्येक फोटोवर तोच लोगो टाकतो त्याचाच मार्क काढायला सगळ्यात सोपा. पुरावा पाहिजे तर कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल माझ्याकडं आहे की, ती दुसऱ्या कुणाकडं असणार नाही.

जोतिबाचा_गुलाल
@दाजीपूरचा_गवा, त्याच संशोधनात पुढचं पण आहे ना. मार्क प्रत्येक फोटोवर किंचित वेगळा वाकवला, अगदी डोळ्याला कळणार नाही इतका, तर त्या पद्धतीनं तो स्वच्छ निघत नाही, कडा मागं राहतात. आणि रॉ फाइल कधी कामाला येणार, भांडण लागल्यावर. माझी अडचण त्याच्या आधीची आहे. फ्लेक्सवाल्यासारखी माणसं चोर नसतात ओ, त्यांना मालक कोण तेच कळत नाही. नाव असतं तर त्यातल्या निम्म्यांनी तरी फोन केला असता असं मला मनापासून वाटतं.

मंगळवार_पेठेतला
एवढं कशाला, फोटो लहान करून टाकायचा की. 1200 पिक्सेलचा टाकला तर 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, चार इंचाच्या वर प्रिंट निघत नाही. कोण काय करणार त्याचं.

जोतिबाचा_गुलाल
@मंगळवार_पेठेतला, अल्बमला आणि मासिकाला ते बरोबर आहे, फ्लेक्सला नाही. फ्लेक्स रस्त्याच्या पलीकडून बघायचा असतो, तिथं तीस-चाळीस डीपीआयवरही भागतं. माझा फोटो व्हॉट्सॲपवरनंच उचललेला होता, जवळनं बघितला तर फुटलेला, लांबनं एकदम झकास.

शाहूपुरी_स्टुडिओ
आमच्या धंद्यात तर वॉटरमार्कशिवाय चालतच नाही. सिलेक्शनला फोटो पाठवतो ते मधोमध मोठा मार्क टाकून, बॅलन्स आला की क्लीन. हे नाही केलं तर लोक सिलेक्शनचेच फोटो स्टेटसला ठेवतात आणि अल्बमचं नाव काढत नाहीत. आणि इन्स्टाला नवरा-नवरीचे फोटो टाकतो तेव्हा आमचा लोगो असणारच, फोटो आम्ही काढलाय म्हटल्यावर कॉपीराइट आमचाच, यात दुमत नसावं.

बावड्याची_वकील
@शाहूपुरी_स्टुडिओ, दादा, दुमत आहे, आणि ते कायद्यातच आहे. कॉपीराइट कायदा 1957 चा. फोटो काढणारा त्याचा कर्ता हे खरं, आणि साधारणपणे हक्कही त्याचाच. पण कलम 17 मध्ये अपवाद आहे: कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक फोटो काढून घेणारा. म्हणजे लग्नाच्या ऑर्डरमध्ये तुमचं गिऱ्हाईक. त्यांना न विचारता तुम्ही ते इन्स्टाला टाकताय, तर त्यांनी उद्या तिथनं काढून टाकायला सांगितलं की तुमची बाजू लंगडी पडेल.

तुमच्याकडं उरतं ते कलम 57. मालकी दुसऱ्याची झाली तरी हा फोटो मी काढला असं म्हणायचा कर्त्याचा हक्क जात नाही. कोपऱ्यात लहान नाव असावं असा आग्रह तुम्ही धरू शकता, पण नाव असलं म्हणजे मालकी आली असं होत नाही. बरीच माणसं या दोन गोष्टी एकच समजतात आणि मग ऑर्डर पूर्ण झाल्यावर भांडणं होतात.

आता @दाजीपूरचा_गवा यांच्यासाठी. हक्क मिळायला ना नोंदणी लागते, ना गोलातला सी, ना वॉटरमार्क, फोटो काढला की हक्क आला, तो आता तुमच्या हयातीनंतर 60 वर्षं राहतो. त्या अर्थानं तुमचं बरोबर. पण 2012 च्या दुरुस्तीत कलम 65 ब आलं. फोटोवरची हक्काची माहिती, त्यात कर्त्याचं नाव येतं, ती जाणूनबुजून विनापरवानगी काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नाव पुसता येतं म्हणून ते टाकण्यात अर्थ नाही असं तुम्ही म्हणताय, मला उलट वाटतं. नाव नसलेला फोटो उचलणारा म्हणतो मला माहीत नव्हतं. नाव पुसून उचलला तर ते वाक्य त्याला बोलताच येत नाही, कारण पुसताना त्यानं ते वाचलेलं असतं.

दाजीपूरचा_गवा
ताई, हे 65 ब मला माहीत नव्हतं, सांगितल्याबद्दल आभार. पण एका फोटोपायी कोर्टात कोण जाणार ओ, तारखा घालवायच्या का जंगलात जायचं.

आणि आपल्या लोकांची ओळख नावामुळंच होते असं नाही. 2025 ला मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावर कोल्हापूरचं नाव कुठं होतं? तरी सगळ्या देशानं बघताक्षणी ओळखल्या आणि त्यांना ते मान्य करावं लागलं. काम तसं असलं की ते ओळखू येतं.

जोतिबाचा_गुलाल
@दाजीपूरचा_गवा, चपलेच्या मागं पिढ्यानपिढ्यांचे कारागीर आहेत, वर 2019 पासून जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण, आहे. कोल्हापुरी चप्पल कुणालाही कळते, पण ती कुणाच्या हातची आहे ते तुला तरी सांगता येतं का? ती बांधणाऱ्याला ओळखणारं कोण आहे? माझं म्हणणं तेच आहे. सासनकाठ्या सगळे ओळखतात, फोटो कुणाचा ते कुणी ओळखत नाही.

बावड्याची_वकील
कोर्टाच्या आधी पण एक पायरी आहे. फोटो एखाद्या साइटवर किंवा ॲपवर असेल तर हक्कदारानं लेखी तक्रार करायची, 2013 च्या नियमांप्रमाणे त्यांनी 36 तासांत तो बंद करायला हवा. पुढं 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते परत सुरू करू शकतात. फ्लेक्सला याचा उपयोग नाही, तिथं नोटीसच.

पंचगंगा_पातळी
मी फोटोग्राफर नाही, नदीकाठचा आहे. तुमची चर्चा कला आणि हक्कावर चाललीय, मला वेगळंच सांगायचंय. 2021 च्या जुलैत पाणी चढत होतं तेव्हा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर 2019 च्या पुराचे फोटो फिरत होते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, तेवढ्या चार फुटांत माणसं ठरवतात जनावरं कधी सोडायची, म्हातारी माणसं कधी हलवायची. तिथं जुना फोटो आला की एक घर उगाच पळतं आणि दुसरं फोटो जुना असणार म्हणून खऱ्या पाण्यातही थांबतं. फोटोवर कुणी काढला, कुठं, कुठल्या तारखेला, किती वाजता एवढं लिहिलेलं असलं तर आम्ही त्याला विचारू तरी शकतो. माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, पुराच्या फोटोवर तरी हे टाकाच, नजर कुठं जाते ते त्या वेळी बघू नका.

मंगळवार_पेठेतला
मग व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, तारीख वेळ सगळं फाइलमध्ये राहतंय.

दाजीपूरचा_गवा
@मंगळवार_पेठेतला, थांब. डॉक्युमेंट म्हणून पाठवलास की लोकेशन चालू असेल तर जीपीएस पण जातं बरोबर. घरट्याचा फोटो असला तर दुसऱ्या दिवशी तिथं गर्दी. मी बाहेर पाठवायच्या आधी लोकेशन काढूनच टाकतो, तुम्हीही काढा. शिवाय पुढं कुणीतरी तो गॅलरीतनं फोटो म्हणून पाठवतोच, मग काय राहिलं?

@पंचगंगा_पातळी, दादा, तुमचं शंभर टक्के मान्य. पुराच्या फोटोवर तारीख, वेळ, जागा टाकतो इथनं पुढं, आणि विचारायला माणूस पाहिजे म्हणताय तर नावही टाकतो. गव्याच्या फोटोवर मात्र नाही, तिथं माझं मत बदललेलं नाही.

शाहूपुरी_स्टुडिओ
वकील ताई, मग आम्ही करायचं काय? प्रत्येक लग्नाला स्टॅम्प पेपर कोण करणार, लोक लग्नाच्या गडबडीत असतात.

बावड्याची_वकील
स्टॅम्प पेपरची गरज नाही. ॲडव्हान्स घेताना जे ऑर्डर बुक भरता त्यावरच दोन ओळी छापून घ्या: फोटोंचा कॉपीराइट कुणाकडं राहील, आणि स्टुडिओला जाहिरातीसाठी नाव टाकून वापरता येतील का. खाली गिऱ्हाईकाची सही. नको म्हणणारे नको म्हणतील, त्यांचे टाकू नका, विशेषतः मुलीकडच्यांनी नको म्हटलं तर आग्रहही करू नका.

शाहूपुरी_स्टुडिओ
नवीन ऑर्डर बुक छापायला टाकायचंच होतं, त्यात घालतो. पण सिलेक्शनचा मोठा मार्क मी काढणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो.