गावची तालीम सोडून मोठ्या संकुलात जाणे ही वस्तादांशी बेइमानी ठरते का?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. प्राथमिक शाळेत असल्यापासून तो आमच्या वाळवा तालुक्यातील गावच्या तालमीत मेहनत करतो. वस्तादांनी आजवर त्याच्याकडून एक रुपयाही घेतलेला नाही. उलट ज्या वर्षी अवकाळी पावसाने आमची द्राक्षबाग गेली, त्या वर्षी त्याच्या खुराकातील दूध-बदामाचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला आणि त्याची वाच्यता गावात कुठेही होऊ दिली नाही.

आता अडचण अशी आहे की, तो ज्या पातळीला पोहोचला आहे तिथून पुढे नेण्याची सोय आमच्या तालमीत उरलेली नाही. तालमीत मॅट नाही आणि त्याच्या वजनाचा, त्याच्या तोडीचा जोडीदारही नाही. ढाक हा त्याचा हुकमी डाव आहे आणि मातीत तो भल्याभल्यांना आवरत नाही. परंतु मॅटवर उतरला की समोरचा मल्ल सुरुवातीलाच पट काढून (पाय धरून खाली पाडून) गुण घेतो आणि उरलेला वेळ आघाडी राखत खेळतो. पुण्यातील एका कुस्ती संकुलाने त्याला घेण्याची तयारी दाखवली आहे. ही गोष्ट वस्तादांच्या कानावर गेली आहे, पण ते त्याविषयी एक शब्दही बोलत नाहीत. तालमीतील इतर पोरे मात्र ‘घडवायचे एकाने आणि नाव लावायचे दुसऱ्याचे’ असे त्याच्या तोंडावर बोलून दाखवतात, आणि त्यामुळे तो पुण्याला जायलाच नको म्हणू लागला आहे.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. ज्यांनी काही न मागता इतके दिले त्यांना सोडून जाणे योग्य आहे का? आणि जायचेच असेल, तर त्यांच्या उपकारांची जाणीव राखून कसे जावे? पुढे इनामाच्या रकमेत त्यांचा वाटा असावा का, याविषयीही कृपया लिहावे.

उत्तर १ : जुना मल्ल, कोल्हापूर

आपल्या भावाला सर्वप्रथम हे सांगा की, महाराष्ट्राच्या कुस्तीत एकाच तालमीत आणि एकाच वस्तादांच्या हाताखाली संपूर्ण घडलेला मोठा मल्ल शोधून सापडणे कठीण आहे. हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. ते कुस्तीसाठी कोल्हापूरला आले, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी स्वतः मल्ल घडवले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे वडिलांकडे पहिले धडे गिरवून बिराजदारांकडे आला. बिराजदारांचे २०११ मध्ये निधन झाल्यावर त्याची पुढची मेहनत काका पवार यांच्याकडे झाली, आणि तेही बिराजदारांचेच शिष्य. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाचे सुवर्ण जिंकल्यावर राहुलने ते पदक आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. त्याला घडवणारे हात एकाहून अधिक होते आणि त्यांपैकी एकालाही त्याने अंतर दिले नाही.

खाशाबा जाधवांचेही तेच आहे. गोळेश्वरला घरी वडिलांकडे, नंतर कोल्हापुरात इतर गुरूंकडे, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाकडे ते शिकले. १९५२ ला हेलसिंकीला जाताना पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे मैदान भरवून ते घर सोडवायला हातभार लावला, असे आमच्याकडे आजही आवर्जून सांगितले जाते. उपकार फेडायचे म्हणजे काय, हे मला तरी याहून नीट सांगता येणार नाही.

बेइमानी कशाला म्हणतात तेही लिहितो. त्याच गावातल्या विरोधी तालमीने खुराकाचे आमिष दाखवले म्हणून रातोरात लंगोट गुंडाळून तिकडे जाणे. मैदानातली जोड, म्हणजे कोणाशी लढायचे ते, वस्तादांनी ठरवलेली असताना ऐन वेळी दुसऱ्याच्या सांगण्यावरून ती मोडणे. आणि पुढे मुलाखतीत पहिल्या वस्तादांचे नावच गाळणे. आपल्या भावाच्या बाबतीत यांतले काहीही घडलेले नाही.

उत्तर २ : एक वस्ताद, सोलापूर जिल्हा

मी स्वतः तालीम चालवतो, आणि माझ्याकडची बरीच पोरे पुढे पुण्या-कोल्हापूरला गेलेली आहेत. म्हणून वस्तादांच्या गप्प राहण्याविषयी थोडे लिहितो, कारण आपण त्याचा अर्थ राग असा घेत आहात असे मला वाटते.

गावच्या वस्तादाला पगार नसतो. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती खणून तिला तेल, ताक, हळद घालण्यापासून पोराला जत्रेच्या मैदानात घेऊन जाण्यापर्यंतचे सगळे तो शेती सांभाळून करतो. त्याच्या वाट्याला येते ती एकच गोष्ट : मैदानात हलगी वाजत असताना निवेदक पुकारतो, ‘अमुक वस्तादांचा पट्ठा’. पोरगा मोठ्या संकुलात गेला की पुकारण्यातले ते नाव बदलते, आणि ज्याने त्याला पहिला जोर मारायला शिकवला तो मैदानाच्या कडेला प्रेक्षक म्हणून बसतो. हे दुखते, आणि ते दुखणे बोलून दाखवणे आमच्या पिढीला जमत नाही. मात्र त्याहून कितीतरी जास्त दुखते ते पोराच्या जाण्याची बातमी चहाच्या टपरीवर तिसऱ्याकडून ऐकणे. आपण लिहिले आहे की बातमी त्यांच्या कानावर ‘गेली आहे’. म्हणजे भावाने किंवा वडिलांनी ती अजून सांगितलेली नाही. तिथून सुरुवात करा.

आमच्या बाजूचे दोषही लिहिले पाहिजेत. वस्ताद एक डाव स्वतःकडे राखून ठेवतो, ही जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि अनेकांना ती शहाणपणाची वाटते. मला मात्र ती कधीच पटलेली नाही. पोरावर भरवसा नसेल तर त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा कशी करायची? आपल्याकडे मॅट नाही, तोडीचा जोडीदार नाही हे दिसत असूनही केवळ तालमीचे नाव राहावे म्हणून तयार मल्लाला जत्रांमध्ये फिरवत ठेवणारे, गुडघा सुजलेला असताना शब्द दिला आहे म्हणून त्याला मैदानात उतरवणारे वस्ताद मी पाहिले आहेत. मल्लाची उमेदीची वर्षे थोडी असतात आणि ती वस्तादाच्या मानापानासाठी खर्च करणे हाही एक विश्वासघातच आहे. आपल्या वस्तादांनी आजवर जे केले आहे ते पाहता ते त्यांतले नसावेत, असे माझे मन सांगते.

उत्तर ३ : वकील आणि बॉक्सिंगचा जुना चाहता, ठाणे

इनामाच्या वाट्याचा प्रश्न आपण शेवटी आणि थोड्या संकोचाने विचारला आहे. तो संकोच मोठ्या मोठ्या जोड्यांना महागात पडलेला असल्यामुळे मी त्याविषयीच लिहितो.

मुष्टियोद्धा माइक टायसनला प्रशिक्षक कस दामातो यांनी किशोरवयात आपल्या घरी आणून वाढवले. त्याला शिकवण्याचे काम केव्हिन रूनी करीत. टायसन व्यावसायिक होईपर्यंत रूनी यांनी मोबदला घ्यायचा नाही, आणि त्यानंतर तो लढत राहील तोवर त्यांना त्याच्या लढतींच्या कमाईतील दहा टक्के मिळतील, असे तोंडी ठरले होते. दामातो १९८५ मध्ये वारले, पुढच्याच वर्षी टायसन जगज्जेता झाला, आणि १९८८ मध्ये त्याने रूनी यांना दूर केले. प्रकरण न्यायालयात गेले. ज्यूरीने १९९६ मध्ये रूनी यांना सुमारे ४४ लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. ‘मुष्टियोद्धा व्यावसायिक लढती करीत राहील तोपर्यंत’ ही मुदत निश्चित मानायची की नाही, हा मुद्दा न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९८ मध्ये त्या न्यायालयाने ती मुदत निश्चित मानली. रूनी यांना पैसे मिळाले, हे न्याय्यच झाले. परंतु दामातोंच्या घरात जमलेले ते नाते त्यात कायमचे संपले.

थायलंडमध्ये हीच गोष्ट निराळ्या मार्गाने घडते. तिथले मुष्टियोद्धे आपल्या तालमीचे नावच आडनाव म्हणून लावतात आणि तालमीशी कराराने बांधलेले असतात. के-वन मॅक्स ही किकबॉक्सिंगची स्पर्धा २००४ आणि २००६ मध्ये जिंकणारा बुआकाव अनेक वर्षे पोर प्रमुक या तालमीच्या नावाने लढला. २०१२ मध्ये तो तिथून बाहेर पडला, वाद झाला, आणि त्यानंतर तो स्वतःच्या घराण्याचे बानचामेक हे नाव लावून लढू लागला. तालमीने लहानपणापासून पोसले हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, मूल असताना जोडलेल्या नावाने माणूस जन्मभर बांधलेला राहू शकत नाही.

आपल्यासाठी व्यावहारिक सल्ला असा. भाऊ सतरा वर्षांचा आहे, आणि भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्तीने, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्याने, केलेला करार मुळातच निरर्थक असतो. त्यामुळे संकुल कोणत्याही कागदावर त्याची सही मागत असेल, तर तो कागद वडिलांनी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. निवास, खुराक आणि फी यांचा खर्च कोणाकडे, इनामाची रक्कम कोणाच्या हाती येणार, दुखापत झाल्यास उपचार कोण करणार, एवढे स्पष्ट लिहून घ्या. गावच्या वस्तादांना मात्र करारातला वाटा देऊ करू नका. बहुधा ते तो घेणार नाहीत आणि विचारल्याचे त्यांना वाईट वाटेल. त्याऐवजी तालमीला काय हवे आहे ते पाहा. पहिल्या मोठ्या इनामातून तालमीत मॅटचा एक संच आला, तर मागे राहिलेल्या पोरांचाही प्रश्न सुटेल.

उत्तर ४ : प्रेक्षक, नाशिक

निष्ठेची दुसरी कसोटी संकुलात गेल्यावर लागते, आणि तिच्याविषयी इथे कोणी लिहिलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत आमच्या नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील कात्रजच्या संकुलात एकत्र मेहनत करणारे, एकमेकांचे डाव आणि श्वास ओळखणारे मित्र. हर्षवर्धनने ती लढत ३-२ अशी जिंकली आणि जिंकल्याबरोबर शैलेशला खांद्यावर उचलून घेतले. त्या वेळी वस्तादांच्या मनात काय चालले असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे. दोघांनाही सारखेच शिकवले असेल तरच त्यांना ती लढत शांतपणे पाहता येते.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतील मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये घडले. रशाद इव्हान्स आणि जॉन जोन्स हे दोघेही ग्रेग जॅक्सन यांच्या अल्बुकर्कीच्या जिममधले. जोन्स २०११ मध्ये जगज्जेता झाला, तो एकेकाळी इव्हान्सकडे असलेल्याच किताबाचा. दोघांत लढत होणार असे दिसू लागताच इव्हान्सने ती जिम सोडली, आणि एप्रिल २०१२ मधील त्यांची लढत होईपर्यंत जुन्या सोबत्यांमध्ये फार कडवटपणा आला होता.

म्हणून संकुल निवडताना मॅट आणि जिम बघाल तसेच हेही विचारा की, एकाच वजनगटात तिथे किती मल्ल आहेत आणि वस्ताद स्वतः हौद्याशी, मॅटशी उभे राहतात की सगळे सहायकांवर सोपवलेले आहे.

कृष्णाकाठ (मूळ प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. सोलापूरच्या वस्तादांनी लिहिलेले मी भावाला वाचून दाखवले. बातमी आम्ही स्वतः सांगितलेली नाही, हे खरे आहे. येत्या शनिवारी वडील आणि भाऊ दोघेही वस्तादांच्या घरी जाणार आहेत, आणि संकुलाचा निरोप त्यांना विचारल्याशिवाय पक्का करायचा नाही असे आम्ही ठरवले आहे. एक शंका उरते. पुण्यात राहू लागल्यावर त्याला पुण्याकडूनच खेळावे लागेल का? वस्तादांना त्याने सांगलीचे नाव लावावे असे फार वाटते.

उत्तर ५ : जुना मल्ल, कोल्हापूर

मेहनत पुण्यात आणि लढत आपल्या जिल्ह्याकडून, ही रीत सर्रास चालते. वर नाशिककरांनी सांगितलेल्या लढतीतच पाहा : दोघेही कात्रजला राहत होते, पण एक नाशिककडून उतरला आणि दुसरा लातूरकडून. त्यासाठी दरवर्षी जिल्हा तालीम संघाच्या निवड चाचणीला गावी यावे लागेल. चाचणीच्या तारखा आणि लागणारी कागदपत्रे संघाच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, आणि त्या चाचणीला भावासोबत मॅटच्या कडेला वस्तादांनी उभे राहावे अशी विनंती शनिवारीच करून टाका.