कुरुंदवाडसारख्या संगमावरच्या गावाला पूरसंरक्षक भिंत उपयोगी पडेल का?

संगमकाठ (प्रश्न)
आमचे घर कुरुंदवाडच्या सखल भागात, कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून जवळच आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत घरात पाणी शिरले आणि ते लवकर उतरलेही नाही. नदीकाठाने उंच भिंत बांधावी, असे निवेदन गल्लीतील मंडळी नगरपरिषदेला देणार असून माझी सही मागत आहेत. या भिंतीने पाणी खरोखर अडेल का, आणि अडणार नसेल तर आपण मागायचे तरी काय?

निवृत्त अभियंता
काठ ढासळू नये म्हणून भिंत जरूर मागावी, पण महापूर अडवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. पंचगंगेला पूर असताना कृष्णाही दुथडी भरून वाहत असली, की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही. त्याचा फुगवटा मागे चढतो आणि पाणी ओढ्यानाल्यांतून उलटे गावात येते. ते रोखायचे तर प्रत्येक ओढ्याच्या तोंडाशी दारे बसवावी लागतील, आणि दारे बंद असताना गावात पडणारा पाऊस बाहेर टाकण्यासाठी पंप लागतील. महापुरात वीज टिकत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शिवाय आपल्या काठावर अडवलेले पाणी शेजारच्या गावांत जास्त चढेल, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

मागायचेच असेल तर पूररेषेची अंमलबजावणी मागा. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा मानतात. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम होता कामा नये आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते उंच असल्याशिवाय परवानगी मिळता कामा नये. पूरपट्ट्यात मुरूम टाकून केलेले भराव आणि पुरेशा मोऱ्या नसलेले उंच रस्ते पाणी उतरू देत नाहीत; त्यांची गावनिहाय तपासणी करून घ्यावी.

म्हैसवाला
साहेबांचे म्हणणे पटते, पण पूररेषेचे काम वर्षानुवर्षांचे आहे आणि पाऊस दरसाल येतो. चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी लोकांना आवराआवर करायलाही सवड मिळाली नाही. आपल्याकडे मात्र पाणी हळूहळू चढते आणि तो वेळ आपण वाया घालवतो. कोल्हापूरला पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, तर सांगलीला कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. संगमावर राहणाऱ्याने दोन्ही पाहिले पाहिजेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले आणि त्याच वेळी कोयनेचा विसर्गही वाढला, तर ४३ फुटांची वाट पाहू नये.

२०१९ साली अनेकांनी २००५ ची खूण प्रमाण धरली आणि पाणी तिच्या वर गेले. घर न सोडण्याचे आणखी एक कारण दावणीची जनावरे हे असते. उंचावर छावणीची जागा आणि वैरण आधीच तयार असेल, तर माणसे वेळेवर निघतात. उशिरा निघण्याची किंमत ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला नाव उलटली तेव्हा आपण पाहिली आहे.

कृष्णाकाठी
कृष्णेवरच पुढे कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाचे काय? ऑगस्टअखेरपर्यंत तेथील पातळी ५१७ मीटरच्या आसपास ठेवावी, ही मागणी निवेदनात घालावी का?

निवृत्त अभियंता
अवश्य घालावी. राज्य सरकारने पुराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरले नव्हते आणि तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही. तरीही दोन्ही राज्यांनी विसर्गाचा मेळ घालावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र आपल्याच पूरपट्ट्यातील बांधकामांविषयी निवेदनात एक अक्षरही नसेल, तर ते अपुरे राहील.

संगमकाठ
सर्वांचे आभार. भिंतीऐवजी मोऱ्यांची तपासणी, पूररेषा आणि जनावरांची छावणी हे तीन मुद्दे घातल्यास मी सही करीन, असे गल्लीत सांगणार आहे. आपल्या गावात छावणीची जागा आधी ठरवलेली असेल, तर ती कोणाच्या मालकीची आहे आणि वैरणीचा खर्च कोण करते, हे कृपया कळवावे.