टायर बदलले की अ‍ॅव्हरेज पडतं का? अर्टिगा पेट्रोल, १८५/६५ आर १५

कंदीपेढा:
नमस्कार मंडळी. २०१९ची अर्टिगा आहे, पेट्रोल मॅन्युअल. गाडीबरोबर आलेले टायर अजून चालू आहेत, पन्नास हजार व्हायला आले. पुढच्या दोघांची नक्षी खोबणीतल्या झीज दाखवणाऱ्या पट्टीला टेकायला आलीय, डावा पुढचा आतल्या बाजूने जास्त खाल्लाय, मागच्या एकाच्या साइडला बारीक चिरा दिसतात. म्हणजे बदलायचे हे नक्की, त्यावर वाद नाही. घरातला वाद वेगळाच आहे.

बाबांची एक वही असते डॅशबोर्डच्या खणात. फियाट होती तेव्हापासूनची सवय, पंपावर गेलं की तारीख, रीडिंग, लिटर, पैसे, सगळं लिहिणार. त्या वहीप्रमाणे आधी पंधरा-साडेपंधराचं अ‍ॅव्हरेज मिळायचं ते आता चौदाच्या आसपास आलंय. मेकॅनिक म्हणतो टायर संपलेत म्हणून. बाबा म्हणतात नवीन टाकले की अजून पडणार, प्रत्येक गाडीला पडलंय, वहीत आहे. आणि टायरवाला म्हणतो कंपनीने साइज बारीक दिलीय, १९५/६५ टाका, गाडी रोडला चिकटून चालेल, रिम तेच चालतं.

आमचं चालवणं म्हणजे रोज सातारा गावातच, आणि वर्षातून पाच-सहा वेळा चिपळूणकडे, कुंभार्ली घाटातून, त्यातल्या दोन-तीन वेळा भर पावसात, गाडीत सहा माणसं आणि येताना आंबे नाहीतर तांदूळ. कुठले टायर घेऊ, साइज वाढवू का, आणि अ‍ॅव्हरेजचं नेमकं खरं कोणाचं?

नटबोल्ट:
तुमचे बाबा बरोबर आहेत. मेकॅनिक नाही. पण बाबांना दिसतंय त्यातलं निम्मं खरं पडणं आहे आणि निम्मं मीटरचं पडणं आहे, ते जरा समजून घ्या.

गाडीला किलोमीटर कळत नाहीत, चाक किती वेळा फिरलं तेवढंच कळतं. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, साइडची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची; नवीन असताना उंची साधारण ६२१ मिमी. नवीन टायरला नक्षी आठेक मिमी खोल, आणि पट्टी असते १.६ वर. म्हणजे संपेपर्यंत एका बाजूने साडेसहा, दोन्ही मिळून तेरा मिमी उंची गेली, २ टक्के. प्रत्यक्षात स्टीलचा पट्टा आत असतो म्हणून फरक त्याहून थोडा कमी येतो पण येतोच. टायर लहान झाला की तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त वेळा फिरणार, मीटर जास्त किलोमीटर दाखवणार. समजा खरे १००० किमी गेलात आणि ६६ लिटर लागलं. गोटा टायरवर मीटर १०२० दाखवणार, वहीत पडलं १५.४५. नवीन टायरवर तेच १००० किमी तेच ६६ लिटर, वहीत १५.१५. पेट्रोल एक थेंब जास्त लागलेलं नाही आणि घरात भांडण.

खरं पडणं वेगळं. टायर फिरताना रबर दबतं आणि सुटतं, त्यात ऊर्जा जाते. नक्षी जाड तेवढं दबणारं रबर जास्त, म्हणून नवीन टायर थोडं जास्त ओढतो आणि झिजलेला हलका फिरतो. थोडक्यात संपलेल्या टायरवर तुमचं अ‍ॅव्हरेज वाढलेलं दिसायला पाहिजे होतं. ते उलट पडलंय, म्हणजे कारण टायरच्या झिजेत नाही, दुसरीकडे शोधा. डावा पुढचा आतून खाल्लाय म्हणता, तर बहुतेक टो, म्हणजे चाकाची सरळ दिशा, बिघडलाय, ते चाक तिरकं घासत चाललंय आणि त्यात पेट्रोल जातंच. दुसरं म्हणजे हवा. तिसरं पंपावरचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते, १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेलो की लिटरमधली ऊर्जा साडेतीन टक्के गेली. पंधराचं साडेचौदा तिथेच झालं, त्यात तुमचा किंवा टायरचा काही दोष नाही.

१९५/६५ बद्दल: उंची ६३४ होते, २ टक्क्यांनी मोठा. आता मीटर कमी किलोमीटर दाखवणार, स्पीडोमीटर पण कमी दाखवणार, जड टायर, पहिल्या गिअरला घाटात थोडी जड वाटणार, आणि बाबांची वही अजून दोन टक्के खाली. मिळणार काय, तर साडेसहा मिमी ग्राउंड क्लिअरन्स. १९५/६० घेतला तर उंची ६१५, एक टक्का कमी, ते चालण्यासारखं आहे पण कशाला. आहे तीच साइज ठेवा. साइजच्या पुढे ८८ आहे का बघा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. सहा माणसं आणि तांदळाची पोती नेणाऱ्याने त्याच्या खाली जायचं नाही. पुढचं अक्षर टी म्हणजे १९०चा वेग, एच म्हणजे २१०, तुम्हाला दोन्ही पुरे.

फुकटसल्ला:
एवढं गणित कशाला वो. रुंद टायर टाका, गाडी दिसते पण भारी. माझ्या गाडीला टाकलेत, काय फरक नाही अ‍ॅव्हरेजला.

नटबोल्ट:
@फुकटसल्ला फरक नाही हे मोजलं कशावर? त्याच मीटरवर ना?

वाशिष्ठी:
चिपळूणची आहे म्हणून मधे पडते. तुम्ही सगळे अ‍ॅव्हरेजवर बोलताय आणि माणूस कुंभार्ली उतरणार आहे जुलैमध्ये. घाटात पाणी रस्त्यावरून नदीसारखं वाहत असतं, खाली आल्यावर सपाटीला खड्ड्यांत आणि कडेला तळं साचतं, आणि तिथेच सगळे ऐंशीने सुटतात कारण घाट संपला म्हणून जीव मोकळा झालेला असतो. पाण्यावर टायर तरंगायला लागला की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेक दाबून काही होत नाही. नक्षीचं काम म्हणजे ते पाणी बाहेर फेकणं, आणि जेवढी नक्षी कमी तेवढा कमी वेगात टायर तरंगतो. टायर जेवढा रुंद तेवढा पण लवकर तरंगतो, तेव्हा रुंद टायर चिकटून चालतो हे कोरड्या रस्त्याचं ज्ञान आहे, आमच्याकडे आणू नका.

१.६ची पट्टी ही कायद्याची शेवटची रेघ आहे, पावसाळ्यासाठी नाही. आम्ही इकडे ३ मिमी राहिली की मे महिन्यातच बदलून मोकळे होतो. तुम्ही आत्ता ज्या टायरवर आहात त्यावर पावसात घाट करू नका, एवढंच सांगायचं होतं.

आणि चारही बदला. पैशाचं जमत नसेल आणि दोनच घेणार असाल तर नवीन मागे टाका. दुकानदार पुढे टाकतो, सगळेच टाकतात.

फुकटसल्ला:
मागे? इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे, आणि नवीन टायर मागे? ताई, हे कुठलं शास्त्र.

वाशिष्ठी:
पुढचे सुटले तर गाडी वळणावर सरळ जायला बघते, आपण घाबरून पाय काढतो, वेग कमी होतो, बहुतेक वेळा पकड परत येते. मागचे सुटले की गाडी गर्रकन फिरते आणि ती सावरणं तुम्हाआम्हाला जमणारं नाही. टायर कंपन्या पण हेच सांगतात. तुम्ही तुमचे रुंद टायर घेऊन या एकदा जुलैत, चहा पाजते.

कंदीपेढा:
चारही बदलतोय, ते ठरलं. बाबांना नटबोल्ट साहेबांचा मेसेज वाचून दाखवला, "मी म्हणत होतो" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पण आज वही नीट बघितली तर एक गोष्ट दिसली. पूर्वी प्रत्येक वेळी टाकी फुल केलीय. गेलं वर्षभर मी गावात हजार-हजाराचं टाकतोय आणि बाबा तेवढंच लिहून दोन रीडिंगमधले किलोमीटर भागिले लिटर करतायत. त्यामुळे एकदा ११ आलंय, एकदा १९. मग सरासरी १४ यायला काही अर्थ आहे का?

नटबोल्ट:
एकेका ओळीला अर्थ नाही, पण वही फुकट गेली नाही. शेवटचं कधी टाकी फुल केली ती ओळ शोधा, आता परत फुल करा. मधे हजाराचं जेवढ्या वेळा टाकलं ते सगळं लिटर आणि आजचं लिटर एकत्र करा, दोन्ही फुलच्या मधले किलोमीटर त्याने भागा. पहिल्या फुलचं लिटर धरायचं नाही, ते आधीचं पेट्रोल. एवढं मोठं अंतर असलं की उत्तर उलट जास्त चांगलं येतं. रकान्यांच्या सरासरीची सरासरी मात्र कधी काढू नका.

पुढे फुल करायचं ते पहिल्या ऑटो कटला थांबायचं, नंतर तो पोरगा राऊंड फिगरसाठी दाबत बसतो ते नको, शक्यतो तोच पंप तेच मशीन. टायर टाकायच्या दिवशी टाकी फुल करून ट्रिप मीटर शून्य करा, म्हणजे जुन्या टायरचा हिशोब तिथे बंद. आणि नवीन टायरवर एकदा हायवेला जाताना मोबाइलच्या जीपीएसवर पन्नास-शंभर किलोमीटर मोजून मीटरशी ताडून बघा. मीटर किती टक्के पुढे-मागे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, बाबांना आवडेल ते. डॅशबोर्डवर जो अ‍ॅव्हरेजचा आकडा दिसतो तो बहुतेक गाड्यांत थोडा गोडच असतो, त्याच्यावर जाऊ नका.

संत्राबर्फी:
नागपूरकर. हवेवर कोणी जास्त बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे एप्रिल-मे आला की पंक्चरवाला सांगतो हवा कमी ठेवा, उन्हात टायर फुटेल. आणि लोक तशीच कमी हवेची गाडी समृद्धीला १२० वर घालतात. अरे बाबांनो, हवा कमी असली की टायरची साइड प्रत्येक फेरीला जास्त वाकते आणि त्या वाकण्यानेच टायर तापतो. फुटायचं मोठं कारण ते आहे, जास्त हवा नाही. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतं, दोन-तीन माणसांची हवा वेगळी आणि भरल्या गाडीची वेगळी, अर्टिगासारख्या गाडीत मागच्या टायरचा आकडा भरल्या गाडीला वाढतो. सहा माणसं आणि तांदूळ म्हटल्यावर तोच आकडा. सकाळी थंड टायरवर मोजायची. चालून आल्यावर तीन-चार पीएसआय वाढलेली दिसते ती काढायची नाही, ती गृहीत धरूनच स्टिकरवर लिहिलंय. तापमान पाच-सहा डिग्रीने उतरलं की साधारण एक पीएसआय जाते, म्हणजे मे महिन्यात भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे बघितलीच नाही तर अ‍ॅव्हरेज तिथेच गेलं. पंपावरच्या गेजवर विश्वास नाही, चार-पाचशे रुपयांचं स्वतःचं घ्या. नायट्रोजन फुकट देत असेल तर भरा, पैसे देऊन नको.

कंदीपेढा:
भारी माहिती. आता कंपनीचं सांगा की. दोन दुकानांत विचारलं, एक अपोलो अ‍ॅमेझर दाखवतो, एक मिशेलिन एक्सएम२ प्लस आणि योकोहामा. टायरमागे हजार-बाराशेचा फरक आहे. अ‍ॅव्हरेज चांगलं देणारा म्हणून महाग घेतला तर वसूल होतो का?

नटबोल्ट:
हिशोब करा. टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, म्हणजे फिरताना तो ओढतो ते, १० टक्क्यांनी कमी झाला तर पेट्रोल १ ते २ टक्के वाचतं, त्यापेक्षा जास्त कोणी सांगत असेल तर तो विकतोय. तुमचं सहा वर्षांत पन्नास हजार म्हणजे वर्षाला आठेक हजार किमी, पंधराच्या अ‍ॅव्हरेजने ५३० लिटर. २ टक्के म्हणजे साडेदहा-अकरा लिटर, वर्षाला अकराशेच्या आसपास रुपये. चार वर्षांत चार टायरचा जास्तीचा पैसा निघतो, पण ते पूर्ण २ टक्के मिळाले तर. तेव्हा अ‍ॅव्हरेजसाठी महाग घ्या असं मी म्हणणार नाही. तुम्ही पावसात घाट करता, तुम्ही ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकसाठी पैसे द्या. अ‍ॅमेझर टिकायला चांगला, गावातल्या गावात फिरणाऱ्याला तो सांगितला असता. लाख किलोमीटरच्या जाहिराती असतात त्या टायरचं रबर कडक असतं, आणि तुमच्या चालवण्याने टायर झिजायच्या आधी वयानेच जाणार आहेत, चिरा बघताच आहात. माझं मत एक्सएम२ प्लस किंवा योकोहामा, जो ताजा मिळेल तो.

ताजा म्हणजे साइडला चार आकडे असतात चौकटीत. २३२५ म्हणजे २०२५चा २३वा आठवडा. सहा महिन्यांपर्यंत ठीक. दोन वर्षं जुना माल डिस्काउंटमध्ये खपवतात, चारही टायरवरचा आकडा स्वतः वाकून बघा, कधी कधी तो आतल्या बाजूला असतो, बसवायच्या आधीच बघा. आणि सप्टेंबर २०२५ पासून टायरवर जीएसटी २८चा १८ झालाय, जुन्या भावाची लिस्ट पुढे करत असेल तर विचारा.

वाशिष्ठी:
अलाइनमेंट करून घ्या त्याच दिवशी, नाहीतर नवीन डावा पण आतून खाणार. बॅलन्सिंग तर करतातच. आणि पहिले दोन-तीनशे किमी जरा बेताने, नवीन टायर गुळगुळीत असतो वरून.

कंदीपेढा:
ठरलं मग, शनिवारी जातो. शेवटचं एक. स्टेपनी एकदाही वापरलेली नाही, नक्षी कोरी आहे. बाबा म्हणतात तीनच नवीन घ्या, चौथी ती लावा, पाच हजार वाचतील.

नटबोल्ट:
स्टेपनीवरचा आकडा वाचा. २०१९चा असणार. रबर न चालवता पण कडक होतं, आणि एका बाजूला नवीन मऊ, एका बाजूला सहा वर्षांचा कडक, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की दोन्ही बाजू सारख्या धरणार नाहीत. स्टेपनी स्टेपनीच राहू दे. फक्त तिची हवा बघा, सहा वर्षांत कोणी बघितली नसेल.

कंदीपेढा:
आत्ता खाली जाऊन बघून आलो. १४.

फुकटसल्ला:
१४ मध्ये पण अ‍ॅव्हरेज चौदाच 😄