हफ्स यांची किराअत गुणावर टिकली की सत्तेवर?

खाडीकाठ: परवा येथे एका सदस्याने लिहिले की, इराकमधील कूफ्याच्या आसिम इब्न अबी नजूद यांची सनद, म्हणजे पैगंबरांपर्यंत जाणारी गुरुपरंपरा, साऱ्या कारींत (कुरआन-पठणाच्या इमामांत) सर्वांत भक्कम होती, म्हणूनच आज जगातील बहुसंख्य मुसलमान त्यांचे शिष्य हफ्स यांच्या रिवायतीप्रमाणे, म्हणजे त्यांनी गुरूकडून घेऊन पुढे दिलेल्या पाठाप्रमाणे, कुरआन वाचतात. इतकी सोपी कहाणी वाचून राहवले नाही. आसिम इ.स. 745 च्या सुमारास वारले. पुढे दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुजाहिद यांनी सात कारी निवडले, त्यांत आसिम आहेत, पण खुद्द कूफ्यात तेव्हा दुसरे कारी हमजा यांची किराअत (पठणाची रीत) अधिक चालत होती, असे इब्न मुजाहिदच नोंदवतात. हफ्स यांची रिवायत पसरली ती उस्मानी (ऑटोमन तुर्की) सत्तेबरोबर, आणि 1924 च्या कैरोच्या छापील प्रतीने तिच्यावर शिक्कामोर्तब केले.

मक्तबवाला: तुमची कहाणी तरी कुठे अवघड आहे? अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबिया शतकानुशतके उस्मानी अमलाखाली होते, तरी तेथे वर्श आणि कालून या वेगळ्या परंपरेतील कारींच्याच रिवायती टिकल्या. छापखान्याचे म्हणाल, तर मी कोकणातील मक्तबात शिकलो. कुरआनातील सूरा हूद या अध्यायाच्या 41 व्या आयतीत मी ‘मज्राहा’ वाचले की उस्ताद बोटाने पाटावर टकटक करीत आणि ‘मज्रेहा’ असे दहादा म्हणवून घेत. हफ्स यांच्या रिवायतीत असा झुकता उच्चार या एकाच जागी आहे, आणि तो छापील खुणेवरून नव्हे, उस्तादांच्या तोंडूनच कळतो. आसिम यांचे गुरू अबू अब्दुर्रहमान सुलमी यांनी कूफ्याच्या मशिदीत चाळीस वर्षे हेच केले.

जुना वाचक: सनदीचा एवढा अभिमान आहे, तर एक उत्तर द्या. हफ्स यांना हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, जाणकारांनी ‘मतरूक’, म्हणजे टाकून दिलेला रावी (हदीस पुढे सांगणारा), ठरवले. हदीसचे मोठे पंडित इब्न हजर यांचाही निकाल तोच. ज्याची हदीस आपण घेत नाही, त्याचा कुरआन मात्र डोळे मिटून घेतो. आमच्या मोहल्ल्यात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा मला मजलिसीतून उठवले होते.

मक्तबवाला: तुम्हाला उठवले ते प्रश्नासाठी की आवाजासाठी, हे त्या मजलिसीलाच ठाऊक. इब्न हजर यांनी त्याच वाक्यात हफ्स यांना किराअतीतील इमाम म्हटले आहे; ते अर्धे वाक्य आपण सोयीने गिळलेत. शेकडो हदीसी कोणाकडून ऐकल्या हे लक्षात ठेवणे वेगळे आणि एकच ग्रंथ वर्षानुवर्षे गुरूपुढे म्हणून दाखवणे वेगळे. हफ्स तर आसिम यांचे सावत्र पुत्र, त्यांच्याच घरात वाढलेले.

जुना वाचक: घरातला आहे म्हणून विश्वासू, हा युक्तिवाद वारसाहक्काच्या दाव्यात करावा. आसिम यांचे दुसरे शिष्य शुअबा हदीसमध्ये हफ्स यांच्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह मानले जात, मग जगाने त्यांची रिवायत का घेतली नाही?

खाडीकाठ: माझा मुद्दा हाच होता, आपण दोघांनी त्याची हदीसची शाळा करून टाकली! सनद हे कारण असते, तर शुअबा मागे पडले नसते. आणि आपल्या कोकणाकडेच पाहा. आपण शाफई, म्हणजे इमाम शाफई यांची धर्मशास्त्र-परंपरा मानणारे. इमाम शाफई स्वतः मक्केच्या इब्न कसीर यांची किराअत शिकले होते. आपण मात्र कूफ्याची वाचतो, कारण हिंदुस्थानात तीच रुळली आणि तीच छापली गेली. यात कोकणाने काही तोलून पाहिले होते काय?

मक्तबवाला: शाफईंचा मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य करताना मला आनंद होत नाही. पण तोलून पाहिले नाही, म्हणून ती कमी ठरत नाही. माझे मेहुणे जहाजावर होते. कासाब्लांकाच्या मशिदीत इमामांनी फातिहेत, म्हणजे कुरआनच्या पहिल्या सूरेत, ‘मालिकि’ऐवजी ‘मलिकि यौमिद्दीन’ म्हटले, तेव्हा इमाम चुकले असे समजून त्यांनी घरी येऊन नमाज पुन्हा पढली. वर्श यांची रिवायत तशीच आहे, हे मी सांगितले, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

जुना वाचक: मेहुणे बरोबर होते की इमाम, हे सोडा, शुअबांचे उत्तर अजून मिळालेले नाही.

मक्तबवाला: मिळणारही नाही. मला ते ठाऊक असते, तर पहिल्याच प्रतिसादात दिले असते.