कुटुंबाला शेजारी-शेजारी सीट मिळणं हा हक्क, की पैसे मोजून घ्यायची सोय?

गोदाकाठ

गेल्या शनिवारी आम्ही पाच जण पुण्याहून विमानाने दिल्लीला आलो. मी, नवरा, सात वर्षांची लेक, सासूबाई आणि सासरे. पाचही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, अडीच महिने आधी काढलेली. तिकीट काढताना सीट निवडायचं पान आलं. मधल्या सीटला अडीचशे, खिडकी आणि आयलला (मधल्या वाटेकडच्या सीटला) साडेचारशेच्या पुढे. पाच माणसांच्या जाऊन-येऊन दहा सीट. तीन-साडेतीन हजारांचा आकडा दिसला आणि आम्ही ते पान सोडून पुढे गेलो.

चेक-इन केल्यावर सीट आल्या त्या अशा: मी आणि लेक २१ ए-बी, नवरा १६ ई, सासरे ९ बी, सासूबाई २६ ई.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपासून त्यांना स्मृतिभ्रंश आहे, औषधं चालू आहेत. घरात त्यांचं सगळं नीट चालतं, पण जागा अनोळखी असली की बावरतात. काउंटरवर हे सांगितलं तर उत्तर आलं, "फ्लाइट फुल आहे, आत गेल्यावर क्रूला विचारा." आत २६ डीवर एक तरुण मुलगी होती. नवऱ्याने तिला विनंती केली. ती म्हणाली, "मी पैसे भरून आयल घेतलीय, मधली मला चालणार नाही." खिडकीतल्या गृहस्थांनीही नकार दिला.

पाऊण तासाने सासूबाईंचा डोळा लागला आणि लगेच उघडला. शेजारी ओळखीचं कुणी नाही. बेल्टचा दिवा लागलेला असताना त्या "अहो, कुठे आहात?" म्हणत उठल्या. नवरा धावत गेला, पण त्याला जागेवर जाऊन बसायला सांगितलं. शेवटी त्या डीवरच्या मुलीनेच त्यांचा हात हातात घेतला आणि दिल्ली येईपर्यंत सोडला नाही.

मला आधी तिचाच राग आला होता. आता वाटतं, तिच्यावर ही वेळ यायलाच नको होती. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याची काळजी घ्यावी लागते आणि जो काळजी घेतो, ती जोडी विमान कंपनीने फोडू नये, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेऊ नयेत. नवरा-बायको, मित्रमंडळी यांच्यासाठी मी भांडत नाहीये. मी आणि नवरा वेगळे बसलो, काही बिघडलं नाही.

तुम्हाला काय वाटतं?

एकटी_प्रवासी

ताई, सासूबाईंबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही ऐका.

मी कामासाठी महिन्यातून दोनदा उडते. डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालीय, पाय तासाभराने लांब करावाच लागतो. म्हणून दर वेळी स्वतःच्या खिशातून आयल घेते, कंपनी सीटचे पैसे देत नाही. गेल्या वर्षभरात मला चार वेळा "जरा उठता का, आमची फॅमिली आहे" असं विचारलं गेलं. चारही वेळा बदल्यात मधली सीट. आणि विचारतात ते भर आयलमध्ये, मागे माणसं खोळंबलेली असताना. नाही म्हटलं की वीस जोड्या डोळे आपल्याकडे वळतात. गुडघ्याचं ऑपरेशन मी प्रत्येकाला सांगत बसायचं का?

तुम्ही तीन हजार वाचवायचं ठरवलंत, तो तुमचा निर्णय. त्याची किंमत मात्र २६ डीवरच्या मुलीने चुकवावी अशी अपेक्षा झाली. निदान सासूबाई आणि सासरे, एवढ्या दोघांच्या सीट तरी विकत घ्यायला हव्या होत्या.

दादरकर

आपण कधीपासून असे झालो? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपणच, आणि म्हाताऱ्या बाईला पाहून तीच जागा सोडणारेही आपणच. रेल्वेत खालचा बर्थ म्हाताऱ्या माणसाला द्यायला कुणाला नियम लागत नाही. डबा सुटायच्या आत अर्ध्या डब्याची अदलाबदल झालेली असते. विमानात शिरलं की तीच माणसं "माझे पैसे" म्हणायला लागतात. दोन तासांचा तर प्रश्न असतो.

एकटी_प्रवासी

@दादरकर काका, रेल्वेत खालच्या आणि वरच्या बर्थचं भाडं एकच असतं. विमानात ती सीट मला वेगळी विकलेली आहे. ज्याचे वेगळे पैसे घेतले ते "सोडून द्या" म्हणणं सोपं नाही. आणि दोन तास तुमच्यासाठी. माझा गुडघा पुढचे दोन दिवस सुजलेला असतो.

रॅम्पवाला

सहा वर्षं विमानतळावर चेक-इन काउंटरला काम केलंय, आता सोडलंय. आतली बाजू सांगतो, कारण दोघींचंही थोडं बरोबर आहे.

एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना सांगितलं की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची, आणि त्याची नोंद ठेवायची. गोदाकाठ ताईंना लेकीच्या शेजारची सीट न मागता मिळाली ती यामुळे. त्याआधी चार वर्षांचं पोर एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला असे बोर्डिंग पास मी स्वतः काढलेत, आणि मग सुपरवायझरच्या हातापाया पडून बदलून घेतलेत. पण हा नियम एकाच पालकाबद्दल आहे, तुम्हाला हवी ती रांग फुकट द्या असं त्यात नाही. आणि तिकिटं दोन वेगळ्या पीएनआरवर असतील तर सिस्टिमला तुम्ही एक कुटुंब आहात हे कळतच नाही. काका एका मोबाइलवरून बुक करतात, आत्या दुसऱ्या, आणि काउंटरवर येऊन म्हणतात "आम्ही सगळे एकत्र".

आता मधल्या सीटचं. ए३२० विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट. पैसे भरणारे आधी खिडकीच्या ए, एफ आणि आयलच्या सी, डी उचलतात. दोघं असले तर मुद्दाम ए आणि सी घेतात, मधली रिकामी राहील या आशेने. शेवटी उरतात त्या विमानभर विखुरलेल्या बी आणि ई. ताईंच्या घरातल्या १६ ई, ९ बी, २६ ई पाहा, तिन्ही मधल्याच. त्या वेळी काउंटरवरच्या माणसाकडे द्यायला शेजारी-शेजारी सीट उरलेल्याच नसतात. त्यात ऐन वेळी विमान बदललं, म्हणजे सव्वादोनशेच्या वरचं ए३२१ जाऊन १८० किंवा १८६ सीटचं ए३२० आलं, की मागच्या रांगाच गायब होतात आणि पैसे भरून घेतलेल्या सीटही हलतात.

तरीही "आत गेल्यावर क्रूला विचारा" हे वाक्य मला पटत नाही. मी स्वतः ते शेकडो वेळा बोललोय. काउंटरवरून गेटला फोन करता येतो, बोर्डिंग सुरू व्हायच्या आधी माइकवर विचारता येतं. तिथे कुणी आपणहून हो म्हणालं तर कुणाचा अपमान होत नाही. पण रांग मोठी असते, माणसं कमी असतात, म्हणून प्रश्न आत ढकलला जातो.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवून बोलतो. सीट, जेवण, लाउंज, खेळाचं सामान हे सगळं तिकिटापासून सुटं केलं म्हणून मूळ भाडं खाली राहतं. पाठीवर एक बॅग टाकून पुण्याहून नागपूरला जाणारा विद्यार्थी सीट कुठलीही घेतो, खात नाही, त्याला स्वस्त पडतं. सगळ्यांना सीट निवड फुकट केली तर तो खर्च भाड्यात जाईल आणि कुटुंबाच्या सोयीचे पैसे हा विद्यार्थी भरेल. ते न्याय्य कसं?

दुसरं, "काळजीची गरज" कुणी ठरवायची? व्हीलचेअरचं काय झालंय ते विमानतळावर बघा. रांग चुकवायला व्हीलचेअर मागणारे इतके वाढले की ज्यांना खरंच चालता येत नाही ते ताटकळतात. उद्या सीटसाठीही प्रत्येक कुटुंबात कुणीतरी आजारी निघेल.

नीलमोहर

@हिशेबनीस, माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. उंची पाच फूट आठ इंच. नियमाचं वय १२ ला संपतं. त्याचं वय १२ ला संपलं नाही. विमान वर चढताना कान दुखले की तो ओरडतो, शेजारच्याचा हात घट्ट धरतो, कधी चावतो. शेजारी मी असले तर तो हात माझा असतो. प्रत्येक प्रवासात आम्ही दोन सीटचे पैसे भरतो, कारण धोका पत्करता येत नाही. त्याला तुम्ही सोय म्हणता, माझ्यासाठी ती औषधाइतकी गरजेची आहे. आमच्याकडे सरकारी प्रमाणपत्र आहे, रोज बॅगेत असतं. आजवर एकाही बुकिंगच्या पानाने ते मागितलेलं नाही.

खोटे लोक निघतील म्हणून खऱ्यांनी पैसे भरावेत हे मला पटत नाही.

हिशेबनीस

नीलमोहर, प्रमाणपत्र असेल तर माझी हरकत नाही. मनापासून. माझा विरोध सरसकट "कुटुंब" या शब्दाला आहे.

टेम्सकाठी

लंडनहून लिहितोय. इथे नागरी विमान प्राधिकरणाची कंपन्यांना मार्गदर्शक सूचना आहे की लहान मुलं शक्यतो सोबतच्या मोठ्यांच्या रांगेतच बसवावीत, जमलं नाही तर एका रांगेपेक्षा जास्त अंतर नको. कारण सुरक्षेचं दिलंय. ४४ पेक्षा जास्त सीटचं विमान अर्धीच दारं वापरून ९० सेकंदांत रिकामं होतं हे ते सेवेत यायच्या आधी सिद्ध करावं लागतं. प्रत्यक्षात आई मागच्या दाराकडे जायची सोडून पुढच्या रांगांत मुलाला शोधायला निघाली तर आयल तुंबणारच. ऑक्सिजन मास्कचंही तेच. आधी स्वतःचा लावा, मग मुलाचा, असं सांगतात. मूल सहा रांगा पुढे असेल तर दुसरा भाग होणार कसा?

पण ताई, तुमच्या मुद्द्याला जास्त जवळचा नियम दुसरा आहे. युरोपीय संघाचा २००६ चा ११०७ क्रमांकाचा नियम सांगतो की अपंग किंवा हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशाबरोबर मदतनीस असेल तर त्याला शेजारची सीट देण्यासाठी कंपनीने शक्य ते सर्व प्रयत्न करावेत. यात वयाची अट नाही, आणि स्मृतिभ्रंशासारखे न दिसणारे आजारही बसतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने तो आपल्या कायद्यात ठेवलाय. माझी आई इथे येते तेव्हा मी बुकिंग झाल्या झाल्या साहाय्य मागून ठेवतो.

अमेरिकेतही ऑगस्ट २०२४ मध्ये १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांशेजारी बिनशुल्क सीट द्यावी असा प्रस्ताव आला, पण तोही फक्त मुलांपुरताच.

दादरकर

एकटी_प्रवासी ताई, गुडघ्याचं मला सुचलंच नाही. माझं पहिलं लिहिणं कठोर झालं. पण एक राहून राहून वाटतं, की ती २६ डीवरची मुलगी नाही म्हणाली आणि नंतर तिनेच हात धरला. मधल्या सीटऐवजी चांगली आयल तिला देता आली असती तर ती आनंदाने उठली असती.

एकटी_प्रवासी

हेच तर. आयलला आयल द्या, मी उठते. दोनदा उठलेही आहे. आणि मला विचारायचं असेल तर ते गेटवर, क्रूने, शांतपणे विचारावं.

नीलमोहर, तुमचं वाचून माझं मत थोडं सरकलं. तुमच्याकडून पैसे घेऊ नयेत. पण गोदाकाठ ताई, तुम्ही बुकिंग करताना सासूबाईंच्या आजाराबद्दल कळवलं होतंत का? नसेल तर कंपनीला कसं कळणार?

गोदाकाठ

नव्हतं कळवलं. कुठे कळवायचं हेच माहीत नव्हतं. पानावर व्हीलचेअरची चौकट दिसली, पण त्यांना चालता येतं, म्हणून पुढे गेले.

आणि @हिशेबनीस, त्या पानाबद्दलही सांगते. सीट निवडा हे मोठ्या रंगीत बटणावर, न निवडता पुढे जा हे कोपऱ्यात बारीक. वर "तुमचं कुटुंब वेगळं बसू शकतं" अशी सूचना. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनेचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यात भीती किंवा अपराधी वाटायला लावून पैसे काढणंही आहे. मला ते पान वाचताना अगदी तसंच वाटलं होतं.

रॅम्पवाला

ताई, परतीचं कधी आहे? आजच कॉल सेंटरला फोन करा. "विशेष साहाय्य" हे शब्द वापरा, स्मृतिभ्रंश सांगा, सोबत कोण बसणार त्याचं नाव द्या. उड्डाणाच्या ४८ तास आधी कळवलं तर ते नोंदीत येतं. डॉक्टरांची चिठ्ठी मोबाइलमध्ये ठेवा. काउंटर उघडताच पहिल्या दहांत उभे राहा. आणि पुढच्या रांगा मागू नका, मागच्या मागा. तिथे जोडीने सीट मिळायची शक्यता जास्त असते, आणि स्वच्छतागृहही जवळ पडतं.

गोदाकाठ

काल रात्री पुण्याला पोचलो. फोनवर दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा बाईंनी नीट ऐकून नोंद केली. काउंटरवर अडीच तास आधी गेलो. शेवटून दुसरी रांग, खिडकीत सासूबाई, मधे नवरा. पैसे लागले नाहीत. त्यांनी दोनदा स्वच्छतागृह विचारलं, दोन्ही वेळा तो घेऊन गेला. मी आणि लेक त्यांच्या चार रांगा पुढे.

सासरे मात्र पुन्हा एकटेच, १२ बी. उतरल्यावर बसमध्ये आम्ही भेटलो तेव्हा त्यांनी बॅगा आल्या का, हे विचारलं नाही. आधी विचारलं, "तिने काही खाल्लं का?"