माइक वाढवला तर कान ठणकतात, कमी केला तर कळत नाही. उपाय काय?

गोदाकाठ
नाशिकच्या गंगापूर रोडला आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची दर गुरुवारी संध्याकाळी सभा असते. चाळीसेक माणसं, त्यातली दहा-बारा कमी ऐकणारी. हॉल ४० बाय २५ फूट, शहाबादी फरशी, कोऱ्या भिंती, सहा पंखे, पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन मोठे स्पीकर. अडचण अशी की आवाज वाढवला की "कान फुटले, कमी करा" आणि कमी केला की "काय बोलताय कळेना", आणि ही दोन्ही वाक्यं त्याच माणसाची. पाच जणांकडे कानाचं मशीन आहे, पण सभा सुरू झाली की ते काढून खिशात जातं. असं का होतं, हॉलमध्ये काय बदलावं, आणि समोरासमोर बोलताना बाकीच्यांनी काय पाळावं? "हळू आणि स्पष्ट बोला" हे माहीत आहे, त्याच्या पुढचं सांगा.

ऑडिओग्राम
तक्रार खरी आहे आणि दोन्ही वाक्यं एकाच कारणातून येतात.

वयोमानाने आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, झिजतात आणि झीज वरच्या पट्टीपासून, म्हणजे बारीक, उंच आवाजांपासून सुरू होते. अशा माणसाच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर (आकडा मोठा तितकं ऐकू कमी), खालच्या पट्टीत ५०० हर्ट्झला रेघ ३० डेसिबलवर असेल, तर वरच्या पट्टीत ४००० हर्ट्झला ती ६५-७० वर घसरलेली दिसते. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट. स, श, च, त, थ, फ यांची धार वरच्या पट्टीत, आणि ती मुळातच नाजूक. त्यामुळे आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. "सात", "चाट", "ताट" या तिघांतला मधला "आ" तेवढा शिल्लक राहतो. "त्यांना हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं" हा घरोघरीचा टोमणाही इथूनच येतो. शांत खोलीत ओळखीच्या विषयावर माणूस गाळलेल्या जागा अंदाजाने भरतो, गोंगाटात भरू शकत नाही.

आता ठणकण्याबद्दल. ऐकू येण्याचा उंबरठा वर सरकतो, पण असह्य होण्याची मर्यादा जवळपास जागच्या जागी राहते, ढोबळमानाने १०० डेसिबलच्या आसपास. उंबरठा ६५ वर गेला की मधली जागा उरते ३५ ची. बाहेर आवाज थोडा वाढला की आत तो एकदम भडकतो. याला रिक्रूटमेंट म्हणतात. ओरडल्यावर तर आणखी घोळ होतो. ओरडताना आपण स्वर ताणतो, व्यंजनं होती तेवढीच राहतात, आणि वाढलेले स्वर त्यांना झाकून टाकतात.

म्हणून आवाजाचं बटण आहे तिथेच ठेवा. अँप्लिफायरवर बेस (खालची पट्टी) बराच खाली आणि ट्रेबल (वरची पट्टी) किंचित वर करून बघा. आवाज पातळ, कोरडा वाटेल. सभेला तोच हवा.

साउंडचेक
हॉलचं वर्णन वाचूनच कळतं. शहाबादी आणि कोरा गिलावा आवाज पीत नाहीत, परत फेकतात. आधीच्या अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर पडतो. चांगल्या कानाचा माणूस तो गाळून टाकतो, मशीन मात्र सगळंच वाढवतं. मशीन खिशात जातं ते हट्टाने नाही.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी करा. माइक तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, हनुवटीच्या किंचित खाली धरायचा म्हणजे ओठ दिसतात. बहुतेक वक्ते तो छातीशी धरतात. मग माइकवाला आवाज वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे माइक ४० वरून १० सेंटिमीटरवर आणला की १२ डेसिबल फुकटात मिळतात. माणसांनाही हाच हिशोब लागू आहे, फक्त अशा हॉलमध्ये काही मीटरपलीकडे तो चालत नाही, तिथे प्रतिध्वनीच जास्त असतो. म्हणून कमी ऐकणाऱ्यांना पहिल्या दोन रांगांत मध्यावर बसवा. कोपऱ्यात, स्पीकरच्या तोंडाशी नको. पंखे नाशिकच्या थंडीत तसेही बंद असतात. उन्हाळ्यात निदान पुढचे दोन हळू ठेवा. आणि वक्ता पश्चिमेच्या खिडकीसमोर उभा राहत असेल तर संध्याकाळी त्याचा चेहरा काळा दिसतो. जागा बदला, उजेड चेहऱ्यावर पाहिजे.

थोडा खर्च करायचा असेल तर मागच्या भिंतीला जाड, चुण्यांचा पडदा आणि खाली सतरंज्या. दोन मोठ्या स्पीकरऐवजी बाजूच्या भिंतींवर चार छोटे, प्रत्येकाचा आवाज कमी. कोणीही जवळच्या स्पीकरपासून तीन-चार मीटरपेक्षा लांब नको. इंडक्शन लूप, म्हणजे हॉलभोवती तार फिरवून माइकचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणं, हा सगळ्यांत चांगला उपाय आहे. पण त्यासाठी मशीनमध्ये टेलिकॉइल, म्हणजे त्या तारेतून आवाज पकडणारी छोटी गुंडाळी, लागते आणि अनेक छोट्या मशीनमध्ये ती नसते. आधी पाचही मशीन तपासा, मग तारेचं बघा.

अनुस्वार
समोरासमोरचं सांगते.

आधी नाव घ्या, नजर वळू द्या, मग बोला. पहिले तीन शब्द नजर वळायच्या आत गेले तर पुढच्या वाक्याला शेंडाबुडखा राहत नाही. अंतर एक ते दीड मीटर. कानाशी जाऊन बोलू नका, ओठ दिसत नाहीत आणि रिक्रूटमेंटही होतं. स्वयंपाकघरातून, कुकरच्या शिट्ट्यांमधून हाक मारून विचारलेल्या प्रश्नाला उत्तराची अपेक्षा ठेवू नका. तोंडात पान-तंबाखू, ओठांवर उतरलेल्या मिशा, तोंडापुढचा हात किंवा पदर यांनीही अडतं.

विषय आधी सांगा: "गुरुवारच्या सहलीबद्दल बोलतोय." विषय कळला की अंदाज बरोबर लागतो. विषय बदलला की तेही सांगा.

ओठांवरून सगळं वाचता येतं हा गैरसमज आहे. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, म्हणजे पान, बाण, मान यांत फरक नाही. क आणि ग तर घशाजवळ होतात, दिसतच नाहीत. म्हणून तेच वाक्य दोनदा सांगून कळलं नाही तर तिसऱ्यांदा तेच म्हणू नका, शब्द बदला: "मान दुखते का?" ऐवजी "गळ्याच्या मागे दुखतं का?"

आकड्यांत सगळ्यांत जास्त चुका होतात. सात आणि साठ, पंचवीस आणि पस्तीस. "दोन-पाच, पंचवीस" असं फोडून सांगा. गोळ्यांची मात्रा, वेळ, मोबाइल नंबर कागदावर लिहूनच द्या.

"कळलं का?" असं विचारू नका, मान डोलते आणि विषय संपतो. "मग किती वाजता भेटायचं?" विचारा, काय पोचलं ते लगेच दिसतं. आणि "जाऊ दे, काही विशेष नाही" हे वाक्य बंदच करा. विशेष होतं की नव्हतं, ते त्यांना ठरवू द्या.

चर्चेत एका वेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे कुठे बघायचं ते कळतं. सभेचे विषय फळ्यावर लिहा. लाइव्ह ट्रान्स्क्राइब अँपवर मराठी बोलणं अक्षरांत दिसतं, फोन मात्र बोलणाऱ्याजवळ ठेवा. घोळक्यात ते गडबडतं.

गोदाकाठ
खूप उपयोगी. मशीनबद्दल दोन प्रश्न. पावसाळ्यात दोघांची मशीन सारखी बंद पडतात आणि एकाचं शिट्टी वाजवतं. दाखला, अनुदान काही मिळतं का?

ऑडिओग्राम
पावसाळ्यात घाम आणि दमट हवा आत जाते. रोज रात्री सेल काढून, झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवा. निळे मणी गुलाबी झाले की ते निकामी, बदला किंवा वाळवा. हेअर ड्रायर नको, ऊनही नको.

मशीनमधला झिंक-एअर सेल हवेवर चालतो. स्टिकर काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवून मग बसवा. एकदा काढलेलं स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रंग लक्षात ठेवा: १० नंबर पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. दिवसभर वापरात ३१२ साधारण आठवडाभर जातो.

शिट्टी म्हणजे आवाज बाहेर निसटून परत माइकमध्ये शिरतोय. मोल्ड, म्हणजे कानात बसणारा साचा, नीट बसलेला नाही, कानात मळ आहे किंवा मोल्ड सैल झालाय. कानामागच्या मशीनचा मोल्ड नळीसकट काढून कोमट साबणपाण्यात धुवा, नळीतलं पाणी फुंकणीने काढा. नळी पिवळी, कडक झाली की बदला, तीन ते सहा महिन्यांत होतेच. मशीनला मात्र पाणी लावायचं नाही.

खिशातली मशीन परत कानात यायची असतील तर ती पहिल्याच दिवशी हॉलमध्ये घालू नका. आधी घरात शांततेत दोन-तीन तास, मग रोज थोडं वाढवा. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. ऑडिओलॉजिस्टकडून सभेसाठी वेगळा प्रोग्रॅम टाकून घ्या.

दाखल्यासाठी २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल घट म्हणजे ऊनश्रवण (कमी ऐकणारा), ७० आणि वर म्हणजे कर्णबधिर. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) करायचा, तपासणी त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३००० रुपये मिळतात. चांगल्या मशीनला ते पुरत नाहीत, पण सेल आणि मोल्डचा खर्च निघतो.

गोदाकाठ
अजून एक. एका सदस्याला काल सकाळपासून उजव्या कानाने ऐकूच येत नाही. मळ असेल म्हणून कोमट तेल टाकलंय.

ऑडिओग्राम
तेल थांबवा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. घरी एवढंच बघा: तोंड मिटून "म्म्म" असा हुंकार द्यायला सांगा. तो बंद कानात जास्त घुमला तर मळ असण्याची शक्यता जास्त. चांगल्या कानात घुमला तर नस गेल्याचं लक्षण. ऐकू येणं असं अचानक, तीन दिवसांच्या आत-आत गेलं तर त्यावर स्टेरॉइडचा उपचार असतो, आणि तो जितका लवकर तितका उपयोगी. दोन आठवड्यांनंतर फारसा फायदा होत नाही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, स्टेरॉइडने साखर वाढते.