जपानमध्ये अचानक जीव जडलेलं शहर : तुमचं कुठलं? (अनुभव येऊ द्या)

नळस्टॉप

मंडळी, हल्ली ओळखीतलं कोणी ना कोणी जपानला जाऊन आलेलं असतंच आणि फोटो सगळ्यांचे तेच, शिबुया क्रॉसिंग, फुजी, फुशिमी इनारीच्या केशरी कमानी, नाराची हरणं. सुंदरच आहे ते, वादच नाही. पण मला वेगळंच विचारायचंय. असं एखादं शहर, जिथे तुम्ही नुसती ट्रेन बदलायला उतरलात, किंवा हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून गेलात, आणि मग तिथून पाय निघेना. कुठलं ते? आणि "खूप छान आहे" एवढ्यावर सोडू नका हं, नेमकं काय बघून जीव जडला ते लिहा.

सुरुवात मीच करते. माझं ओकायामा.

ओकायामाला मुद्दाम असं कोणी जात नाही. शिनकानसेनने, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनने, हिरोशिमाकडे जाताना मध्ये लागतं, लोक तिथे उतरून कुराशिकीला जातात, नाहीतर नाओशिमा बेटाकडे, नाहीतर पूल ओलांडून शिकोकूला. आम्हीही कुराशिकीच करणार होतो. पण आदल्या दिवशी चालून चालून सासूबाईंचे पाय सुजले होते, म्हटलं आज लांब नको, इथेच ट्रामने काय दिसेल ते बघू. आणि स्टेशनवर 'कोराकुएन' अशी पाटी वाचली नि एकदम ट्यूब पेटली, अगं बाई, आपल्या सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ते ज्या बागेवरून केलंय ती बाग ही! मुलीला घेऊन कितीतरी रविवार तिथे घालवलेत, पण मूळ बाग एका खऱ्या गावात आहे आणि आपण त्या गावात उभे आहोत हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाग 1687 ला सुरू करून 1700 मध्ये पूर्ण केली, इकेदा त्सुनामासा नावाच्या तिथल्या सरदाराने. जपानी बाग म्हटल्यावर मला वाटायचं दगड, शेवाळ, सगळं आखडतं. इथे आत गेलं की अंगावर येतं ते मोकळं आकाश आणि ही एवढी हिरवळ, मध्ये चहाची चिमुकली शेती, भाताचं खाचर, आणि पलीकडे नदीपार काळा कुळकुळीत किल्ला. त्याला कावळ्याचा किल्ला असंच म्हणतात. बागेत एक उघडा मंडप आहे, 'र्युतेन', भिंती नाहीतच, आणि ओढा चक्क त्या मंडपाच्या मधून, जमिनीतून वाहत जातो, पाण्यात रंगीत दगड ठेवलेत. दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्यांवर बसायचं. सासूबाई तिथे बसल्या त्या उठायलाच तयार नाहीत. शेजारी एक जपानी आजी बसल्या होत्या, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण पाय दाखवून गुडघेदुखीवर बराच वेळ बोलणं झालं.

मग कळलं की 29 जून 1945 च्या बॉम्बहल्ल्यात किल्ला जळला आणि बागेचंही खूप नुकसान झालं. आताचा किल्ला 1966 चा, काँक्रीटचा. बाग मात्र जुन्या काळातली चित्रं आणि कागदपत्रं जपली होती त्यावरून पुन्हा होती तशी उभी केली. ते वाचल्यावर मला त्या गवताकडे बघवेना, इतकं भरून आलं. कुराशिकी राहिलं ते राहिलंच, संध्याकाळी पुन्हा नदीकाठी गेलो, दुसऱ्या दिवशी सकाळीही.

येऊ द्या आता तुमचे.

कुपारी

नळस्टॉप ताई, तुमचं वाचून माझं लिहायलाच पाहिजे असं वाटलं. माझं शहर नागासाकी, आणि कारण वसई.

मी वसईची. आमच्याकडे संत गोन्सालो गार्सिया हे नाव लहानपणापासून कानावर, त्यांच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, फेब्रुवारीत सण होतो. वसईत जन्मले, जपानमध्ये हुतात्मा झाले, एवढं धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेलं. पण 'जपानमध्ये' म्हणजे नेमकं कुठे हे मनात कधी आलंच नव्हतं. नवऱ्याला अणुबॉम्बचं म्युझियम बघायचं होतं म्हणून नागासाकी घेतलं. हॉटेल स्टेशनजवळ. सकाळी नकाशात बघते तर पाच-सात मिनिटांवर निशिझाका टेकडी, 26 हुतात्म्यांचं स्मारक. माझ्या पोटात एकदम काहीतरी झालं.

चढ चढून गेलो. ब्राँझचे 26 पुतळे एका लांब भिंतीवर ओळीने, पायाखाली जमीन नाही, सगळे अधांतरी, हात जोडलेले. त्यात तीन लहान मुलंही आहेत, सगळ्यात धाकटा बारा वर्षांचा. 5 फेब्रुवारी 1597 ला याच टेकडीवर त्यांना क्रूसावर दिलं. त्याआधी क्योटोहून इथपर्यंत भर थंडीत चालवत आणलं होतं, कानाची पाळी कापून. मी एकेक नाव वाचत गेले आणि गोन्सालो गार्सिया आलं. वसईचा मुलगा, आधी व्यापार करायचा, जपानी भाषा इतकी चांगली यायची की मनिलाहून आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंसाठी तेव्हा जपानवर सत्ता असलेल्या खुद्द हिदेयोशीपुढे दुभाष्या म्हणून उभा राहिला. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी आमच्या गावचा माणूस इथे येऊन या लोकांच्या भाषेत बोलत होता! मी मम्मीला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. ती रडली, मी रडले. शेजारी म्युझियमची बाई होती तिला मी हाताने सांगायचा प्रयत्न केला, इंडिया, गार्सिया, सेम टाऊन, आणि तिला कळलं, तिने वाकून नमस्कार केला, मग मी पण केला.

त्यानंतर ते शहर मला परकं वाटलंच नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतात, घरं डोंगरावर चढत गेलेली, खालून जुन्या ट्राम घरंगळत जातात. कास्तेला केक खाल्ला, तळाला जाड साखरेचे दाणे कुरकुरतात तो. तो मूळचा पोर्तुगीजांकडून आलेला, म्हणजे आमचेच जुने शेजारी म्हणायचे. आणि सान्नो देवळाची एका पायाची कमान जरूर बघा, 9 ऑगस्टच्या स्फोटात अर्धी कमान उडाली, अर्धी एका खांबावर तशीच उभी आहे. थोडं पुढे गेलं की कापराची दोन प्रचंड झाडं, जळून कोळसा झाली होती, पुन्हा पालवली. मी त्यांच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभी होते.

नळस्टॉप

कुपारी, काटा आला अंगावर. हे मला माहीतच नव्हतं. मम्मीला घेऊन जा आता एकदा.

कुपारी

पासपोर्टला टाकलाय तिचा :)

भटकभवानी

मात्सुमोतो. छोटंच लिहिते. किल्ला बघायला म्हणून दिवसाभरासाठी गेले, किल्ला सोळाव्या शतकाच्या शेवटाचा, खरा लाकडी, जिने इतके उभे की हातपाय टेकत चढावं लागतं. पण प्रेमात पडले ती पाण्यामुळे. गावात ठिकठिकाणी झरे आणि विहिरी आहेत, डोंगरातलं पाणी जमिनीखालून येतं, कोणीही यावं, बाटली भरावी. लोक सायकलवर कॅन घेऊन येतात, भरतात, विचारपूस करतात, जातात. मागे बर्फाचे डोंगर, त्यांना जपानी आल्प्स म्हणतात. बास, मला एवढं पुरलं. शेवटची ट्रेन सोडून दिली आणि राहिले.

पाऊसवेडा

कानाझावा! इथे अजून कोणीच कसं लिहिलं नाही.

2015 ला शिनकानसेन तिथपर्यंत पोचली तेव्हापासून टोकियोहून अडीच-तीन तासांत जाता येतं, तरी आपले लोक कमीच जातात. मी गेलो तो ऑफिसच्या कामाला, नोव्हेंबर, रोज पाऊस. तिकडे म्हणच आहे की डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. मला पाऊस प्रिय, त्यामुळे माझी तक्रार शून्य. स्टेशनबाहेर पडलं की काचेचं मोठ्ठं घुमट छप्पर आणि पुढे लाकडी कमान, ढोलकीच्या आकाराच्या खांबांची, आलेला माणूस भिजू नये म्हणून केलेलं छप्पर आहे ते. पाहुण्याची अशी काळजी घेणारं गाव आवडणारच ना.

पण खरा जीव जडला केनरोकुएन बागेत. तिथे 1 नोव्हेंबरपासून झाडं बांधायला घेतात, 'युकित्सुरी'. त्या बाजूचा बर्फ ओला आणि जड, फांद्या मोडतात, म्हणून झाडाच्या मधोमध उंच खांब उभा करून त्याच्या टोकावरून एकेका फांदीला दोर बांधायचे, छत्रीच्या काड्यांसारखे. मी पोचलो तेव्हा माळी लोक एका म्हाताऱ्या पाइनवर काम करत होते. एक जण खांबाच्या पार टोकाला, पायात अंगठा वेगळा असलेले ते कापडी बूट, वरून दोर सोडतोय, खालचे फांद्यांवर बसून ओढून गाठ मारतायत. गाठ मारायच्या आधी तो खालचा माणूस फांदी हाताने किंचित उचलायचा, वजन बघायचा, मग दोर ताणायचा. प्रत्येक फांदीला वेगळा ताण. पावसात, घाई नाही, आरडाओरडा नाही. मी छत्री धरून दीड-दोन तास तेच बघत होतो आणि मीटिंगच्या आधी कपडे बदलायला हॉटेलवर पळालो.

नंतर सुट्टी टाकून बायकोला घेऊन गेलो. तिला हिगाशी चाया भागातल्या जुन्या लाकडी गल्ल्या आवडल्या आणि सोन्याचा वर्ख. जपानमधला जवळजवळ सगळा, म्हणजे 99 टक्के, सोन्याचा वर्ख याच शहरात बनतो. ठोकून ठोकून इतका पातळ करतात की बांबूच्या चिमट्याने उचलायचा आणि फुंकरीने सपाट करायचा. सराफाची मुलगी आहे ती, तिथल्या बाईंच्या हातावरून नजर हलवेना. युद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत म्हणून हे सगळं जुनं टिकलं, नाहीतर किती हुन्नर गेले असतील बाकीच्या गावांतून, विचार करवत नाही.

खडीसाखर

मी हायकू, ती मोजक्या अक्षरांची तीन ओळींची जपानी कविता, लिहिते, म्हणजे शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला त्या वाटेने जाणाऱ्या अनेकांपैकी एक. तरी मात्सुयामाला गेले ती दोगो ओनसेनसाठी, गरम पाण्याचं स्नानगृह, 1894 ची लाकडी इमारत. सकाळी सहाला वरच्या मजल्यावर ढोल वाजतो आणि दार उघडतं. ते झालं, आणि बाहेर पडून रस्त्याने जाते तर खांबाजवळ एक पेटी, पत्रपेटीसारखी, शेजारी कागद आणि पेन्सिल. हायकू टाकायची पेटी! मग दिसायलाच लागल्या, ट्राममध्ये, किल्ल्यावर, हॉटेलात. कोणीही लिहावं, टाकावं, ठरावीक काळाने पेट्या उघडतात आणि निवडलेल्या जाहीर करतात. मासाओका शिकी याच गावचे, 1867 चा जन्म. 'हायकू' हे नाव आज ज्या अर्थाने आपण वापरतो ते त्यांनी रूढ केलं, मणक्याच्या क्षयाने अंथरुणाला खिळून सुद्धा लिहीत राहिले आणि 1902 मध्ये चौतिशीत गेले. त्यांचं म्युझियम दोगोलाच आहे. माझ्यासमोर शाळेच्या गणवेशातला मुलगा पेटीपाशी थांबला, बोटांवर मोजत मोजत काहीतरी खरडलं, टाकलं आणि पळाला. ज्या गावात पोरगं बोटांवर अक्षरं मोजतं त्या गावावर मी जीव ओवाळून टाकीन. मी पण टाकली, मराठीत, देवनागरीत. कोणाला वाचता येणार नाही, पण टाकल्याशिवाय राहवेना.

नळस्टॉप

खडीसाखर, ती हायकू इथे लिहा ना प्लीज.

खडीसाखर

ती त्या गावाला दिली हो.

रात्रपाळी

कागोशिमा. चार किलोमीटरवर समोर समुद्रात साकुराजिमा, जिवंत ज्वालामुखी, धूर सोडतोय, आणि इकडे शहरात बाया कपडे वाळत घालायच्या का नाही ते टीव्हीवर वाऱ्याची दिशा बघून ठरवतात. राख पडली की सगळे आपापल्या दारापुढची झाडतात आणि नगरपालिकेने दिलेल्या पिवळ्या पिशव्यांत भरून ठरलेल्या जागी नेऊन ठेवतात. कब्रस्तानात गेलो तर थडग्यांवर छोटी छोटी छपरं, पूर्वजांवर राख पडू नये म्हणून. आणि फुलं सगळी ताजी. मी कामानिमित्त बरीच शहरं बघितली, पण धोक्याच्या इतक्या जवळ राहून इतकी शांत आणि हसतमुख माणसं कुठे भेटली नाहीत. फेरी बोट सारखी ये-जा करत असते, पंधरा मिनिटांत पलीकडे. बोटीवर उडोन, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवया, मिळतं, लोक तेवढ्या पंधरा मिनिटांत खाऊन मोकळे होतात.

कुपारी, तुमच्यासाठी एक, सेंट झेवियर जपानमध्ये पहिल्यांदा उतरले ते कागोशिमाला, 1549 मध्ये. तिथे त्यांच्या नावाची बाग आहे. मम्मीच्या ट्रिपमध्ये जोडून घ्या, नागासाकीहून एका दिवसात जाता येतं.

भटकभवानी

रात्रपाळी, शाकाहारी माणसाचं काय तिकडे? उडोनच्या रश्श्यात मासा असतो ना.

रात्रपाळी

असतो, दाशी म्हणजे सुका मासा आलाच, आणि नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही, त्यांच्या लेखी दाशी म्हणजे मांस नाही. जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा, त्यात मासा आणि दाशी वेगळं लिहा. बाकी रताळी तिथली फेमस आहेत, भाजलेली गरमागरम मिळतात, आणि साकुराजिमावरची सुपारीपेक्षा थोडी मोठी संत्री हिवाळ्यात येतात. तेवढ्यावर दोन दिवस आरामात निघतात, माझ्या आईचे निघाले.